आधी माती अडवा

नवी वसाहत उभारताना जमीन खोदावी लागते, उतार कापावे लागतात. मोकळी झालेली माती पावसाबरोबर वाहून जाऊ नये म्हणून कोणते उपाय योजावे लागतात, त्यांमागे कोणते शास्त्र आहे आणि कायदा काय सांगतो, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

छत्रपती संभाजीनगर म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद हे शहर डोंगरांच्या कुशीत वसले आहे. उत्तरेला जटवाडा व हर्सूलचे डोंगर आहेत, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर आहेत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी या नावाने हे शहर वसवले. नावाप्रमाणेच येथील जमीन खडकाळ आहे. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि सर्वांत वर मातीचा थर, अशी तिची रचना आहे. सखल भागात काळ्या मातीचा थर जाड असतो. डोंगरउतारावर मात्र तो फार पातळ असतो.

हे शहर सतत वाढत आले आहे. १९७० च्या दशकापासून सिडकोने येथे नवी वसाहत उभारली. पुढे वाळूजला कारखाने आले. शेंद्रा आणि बिडकीन येथे 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी सुमारे १०,००० एकर क्षेत्रावर आखण्यात आली. सातारा व देवळाई या डोंगरपायथ्याच्या भागांत घरांची गर्दी झाली. शहर वाढले की घरे, शाळा, दवाखाने आणि रोजगारही वाढतात. म्हणून बांधकाम थांबावे असे कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येक बांधकामाची सुरुवात एकाच गोष्टीने होते. जेसीबी किंवा पोकलेन येते, गवत व झुडपे काढली जातात आणि जमीन उघडी पडते. त्यानंतर पाऊस आला तर त्या उघड्या मातीचे काय होते?

ती वाहून जाते. यालाच 'जमिनीची धूप' म्हणतात. उर्दूत धूप म्हणजे ऊन. मराठीत मात्र पाण्याने किंवा वाऱ्याने माती झिजून निघून जाणे याला धूप म्हणतात. हा फरक नीट लक्षात ठेवा.

पावसाचा थेंब काय करतो?

पावसाचा थेंब आपल्याला कोमल वाटतो. पण पाच मिलिमीटर व्यासाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. शहरातील रस्त्यावर स्कूटर साधारण याच वेगाने धावते. थेंब आदळला की मातीचे ढेकूळ फुटते आणि बारीक कण उडतात. हे कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात. छिद्रे बुजली की पाणी आत मुरत नाही. ते पृष्ठभागावरून वाहू लागते.

जमिनीवर गवत असेल तर थेंब आधी पानांवर पडतो. त्याचा जोर तेथेच संपतो. पाणी हळूहळू खाली उतरते आणि मुळांच्या वाटेने जमिनीत मुरते. मुळे मातीला जाळ्यासारखी धरून ठेवतात. म्हणून गवत काढणे म्हणजे जमिनीच्या अंगावरील पांघरूण काढण्यासारखे आहे.

वाहते पाणी उतारावर वेग घेते. वेग आणि वाहून नेण्याची ताकद यांचा संबंध पाहण्यासारखा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते पूर्वीपेक्षा सुमारे ६४ पट वजनाचा दगड लोटू शकते, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणून पाण्याला पळू देऊ नये, त्याला चालायला लावावे, हे धूप रोखण्याचे पहिले सूत्र आहे.

एक सोपा हिशेब

समजा, एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर जागेवर वसाहत बांधायची आहे. त्या जागेवर एका सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला. मग तेथे किती पाणी पडले? १०,००० ला ०.०२५ ने गुणा. उत्तर २५० घनमीटर येईल. म्हणजेच अडीच लाख लिटर! दहा हजार लिटरचे २५ टँकर एकाच वेळी रिकामे केल्यासारखे ते झाले. यंत्रांच्या चाकांखाली दबलेल्या उघड्या जमिनीत यातील थोडेच पाणी मुरते. बाकीचे उताराकडे धावते.

आता मातीचा हिशेब करू. त्या एका हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर निघून गेला असे धरा. एवढा पातळ थर गेलेला डोळ्यांना कळतही नाही. पण ती माती दहा घनमीटर भरते. तिचे वजन सुमारे १३ टन होते. मोठ्या टिपरची एक खेप भरेल एवढी ही माती आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा किती सरी कोसळत असतील याचा विचार करा. मातीचा काही सेंटीमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. जायला मात्र एक पावसाळा पुरतो.

ही माती जाते कोठे?

माती नाहीशी होत नाही. ती एका जागेवरून निघते आणि दुसऱ्या जागी बसते. प्रथम ती रस्त्याकडेच्या गटारात बसते. गटार तुंबते आणि पाणी सखल भागातील घरांत शिरते. पुढे ती नाल्यातून नदीत जाते. खाम नदी जटवाड्याच्या डोंगरांकडून येते, हर्सूल तलावातून शहरात शिरते आणि पाणचक्कीजवळून पुढे जाऊन शेवटी नाथसागर जलाशयाला मिळते. वाटेत नाले तिच्यात पाणी आणून सोडतात. पाण्याबरोबर गाळही येतो. पात्र उथळ झाले की थोड्या पावसातही नदी काठ सोडते.

हर्सूल तलाव जुन्या शहराच्या काही भागांना पाणी देतो. नाथसागर तर साऱ्या शहराची तहान भागवतो. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेले हे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. हा जलाशय विस्तीर्ण पण उथळ आहे. तळाशी जितका गाळ बसेल, तितकी पाण्याची जागा कमी होते. गाळ काढता येतो, पण ते काम खर्चाचे आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. धरणांतील गाळ उपसून तो शेतात पसरवणे हा तिचा उद्देश आहे. योजना चांगलीच आहे. पण जी माती आधी वर अडवता आली असती, तीच मग खालून पुन्हा वर न्यावी लागते.

पाण्यातील गाळाची काळजी येथील जुन्या लोकांनाही होती. मलिक अंबरने सुमारे १६१७-१८ मध्ये 'नहर-ए-अंबरी' बांधली. डोंगराकडील भूगर्भातील पाणी उताराच्या आधाराने शहरात आणणारी ही जमिनीखालची वाट होती. तिच्यावर ठिकठिकाणी तोंडे ठेवलेली होती. माणसाला आत उतरून साफसफाई करता येत असे. पाण्याची वाट बांधायची तर गाळाचाही विचार करावा लागतो, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

गाळ पकडणे कठीण का?

कोणी विचारील, "माती वाहू द्या. खाली एक खड्डा करू आणि तिला पकडू." हा विचार अर्धाच बरोबर आहे. एका काचेच्या बरणीत पाणी घ्या. त्यात मूठभर माती टाका, ढवळा आणि बरणी ठेवून द्या. वाळू लगेच तळाशी बसेल. पाणी मात्र बराच वेळ गढूळ राहील.

याचे कारण कणांच्या आकारात आहे. पाणी अगदी स्थिर असेल तर ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला सुमारे दोन मिनिटे लागतात. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला सुमारे तीन तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तर सुमारे १३ दिवस लागतात! आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. तिचे बारीक कण खड्ड्यात १३ दिवस कोण थांबवून ठेवणार? तोपर्यंत दुसरी सर येते आणि त्यांना पुढे घेऊन जाते.

म्हणून अभियंते दोन प्रकारची कामे वेगळी मानतात. माती जागेवरून हलूच नये यासाठी केलेले उपाय म्हणजे धूप-नियंत्रण. हललेली माती आवाराबाहेर जाऊ नये यासाठी केलेले उपाय म्हणजे गाळ-नियंत्रण. दोन्ही हवीत, पण पहिला मान धूप-नियंत्रणाचा. गाळ-नियंत्रण ही नंतरची राखण आहे.

बांधकामाच्या जागेवर काय काय करावे?

काम सुरू होण्यापूर्वी जागेची मोजणी करून समान उंचीच्या रेषा नकाशावर काढतात. त्यांना समतल रेषा म्हणतात. त्यांवरून पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे कळते. नैसर्गिक नाला असेल तर तो बुजवू नये. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. रस्ते आणि भूखंड शक्यतो उताराला धरून आखावेत, म्हणजे खोदाई आणि भराव दोन्ही कमी लागतात.

सगळी जमीन एकदम उघडी करू नये. जेथे लगेच काम होणार आहे तेवढाच भाग उघडावा. तो पूर्ण झाला की पुढचा घ्यावा. मोठी खोदाई पावसाळ्यापूर्वी संपवावी. या उपायाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, फक्त वेळापत्रक नीट आखावे लागते.

वरची सुपीक माती प्रथम वेगळी काढावी. तिचा ढीग नाल्यापासून दूर करावा आणि त्यावर ताडपत्री घालावी किंवा गवत पेरावे. काम संपल्यावर हीच माती बागेत आणि मोकळ्या जागेत परत पसरावी. मुरुमावर झाड लावले तर ते खुरटते. त्याला ही माती हवी असते.

जागेच्या वरच्या अंगाला एक चर खोदावा. डोंगराकडून येणारे स्वच्छ पाणी या चरातून बाजूने वळवून नाल्यात सोडावे. ते खोदलेल्या मातीवरून गेलेच नाही, तर गढूळही होणार नाही.

जो भाग उघडा राहणार आहे, त्यावर पालापाचोळा, कडबा किंवा वाळलेले गवत पसरावे. यालाच आच्छादन म्हणतात. तीव्र उतारावर काथ्याची जाळी अंथरून तिच्यात गवताचे बी पेरतात. वाळा हे गवत यासाठी फार उपयोगी आहे. यालाच उर्दूत खस म्हणतात. त्याची मुळे सरळ खोल जातात आणि मातीला घट्ट पकडतात.

नालीचा उतार जास्त असेल तर तिच्यात थोड्या थोड्या अंतरावर अनघड दगडांचे छोटे बांध घालावेत. पाणी दगडांच्या फटींतून जाते, पण त्याचा वेग मोडतो. जागेच्या खालच्या कडेला जाड विणीच्या कापडाचे बुटके कुंपण घालतात. त्याचा खालचा भाग मातीत पुरावा लागतो. तो पुरला नाही तर पाणी खालून निघून जाते आणि कुंपण केवळ शोभेचे उरते.

सर्वांत सखल जागी गाळ बसण्यासाठी तळे खोदावे. पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा एकमेकींपासून दूर ठेवावी, म्हणजे पाण्याला थांबायला वेळ मिळतो. बाहेर जाणारे पाणी वरच्या थरातून घ्यावे, कारण वरचे पाणी आधी निवळते. तळे अर्धे भरण्यापूर्वीच गाळ काढावा.

फाटकाजवळ मोठ्या खडीचा थर द्यावा. टिपर त्यावरून गेले की चाकांना लागलेली माती तेथेच झडते. नाहीतर ती रस्त्यावर येते. पावसात तिचा चिखल होऊन दुचाकी घसरतात आणि उन्हात धूळ उडते.

हे सगळे करून झाले तरी काम संपत नाही. प्रत्येक मोठ्या पावसानंतर कोणीतरी जबाबदार माणसाने फिरून पाहिले पाहिजे. चर तुंबला का? कुंपण पडले का? तळे भरले का? एक फुटलेला चर बाकी सर्व उपाय वाया घालवू शकतो.

उतार कापताना

डोंगरउतारावर आणखी सावध राहावे लागते. उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. पाणी मुरून ती जड होते आणि एकदम खाली येऊ शकते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात दरड कोसळली. १५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अतिवृष्टीबरोबरच उतारावर केलेले जमिनीचे सपाटीकरण हेही या दुर्घटनेचे एक कारण असल्याचे अनेक अभ्यासकांनी म्हटले. माळीणइतका पाऊस आपल्याकडे पडत नाही हे खरे. तरीही उतार कापला तर तो पायऱ्यापायऱ्यांनी कापावा, आधाराची भिंत बांधावी आणि भिंतीमागचे पाणी निघून जाण्यासाठी तिच्यात छिद्रे ठेवावीत. हा नियम सगळीकडे सारखाच आहे.

कायदा काय सांगतो?

शेतजमिनीची धूप थांबवण्यासाठी आपल्या राज्यात १९४२ सालापासून जमीन सुधारणा योजनांचा कायदा आहे. त्याच्या आधारे शेतात बांधबंदिस्तीची कामे झाली. बांधकामाच्या जमिनीकडे लक्ष जायला मात्र उशीर झाला. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. अशा मंजुरीच्या अटींमध्ये वरची सुमारे २० सेंटीमीटर माती वेगळी काढून साठवावी आणि झाडे लावताना पुन्हा वापरावी, अशी अट घातली जाते.

अमेरिकेत याहून लहान कामांनाही नियम लागू आहे. तेथे एक एकर किंवा अधिक जमीन उकरायची असेल तर आधी परवाना घ्यावा लागतो आणि माती कशी अडवणार याचा लेखी आराखडा तयार ठेवावा लागतो. दहा एकर किंवा त्याहून अधिक जागेचे पाणी एकत्र येत असेल, तर तळ्यासाठी एकरामागे ३,६०० घनफुटांचे माप धरतात. हेक्टरमध्ये बदलले तर ते सुमारे २५० घनमीटर होते. आपण वर केलेल्या हिशेबाचेच हे उत्तर आहे. एक इंच पाऊस सामावेल एवढे ते तळे असते.

आपल्याकडे हजार-दोन हजार चौरस मीटरच्या लहान बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. पण पाऊस लहान-मोठा प्रकल्प पाहून पडत नाही. अशी शंभर लहान बांधकामे एकाच डोंगरपायथ्याशी झाली, तर त्यांचा गाळ एखाद्या मोठ्या प्रकल्पापेक्षाही जास्त होऊ शकतो. तेथे मालक, अभियंता आणि मुकादम यांच्या समंजसपणावरच सारे अवलंबून असते.

माथा ते पायथा

हे सारे उपाय आपल्याला नवीन नाहीत. शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने १९९० च्या दशकात पाणलोट विकासाचे काम हाती घेतले. प्रथम माथ्यावर समतल चर खोदले, मग उतारावर बांध घातले आणि शेवटी खालच्या नाल्याकडे वळले. याला 'माथा ते पायथा' असे म्हणतात. वर माती अडली म्हणून खाली पाणी टिकले. कोरडवाहू गाव द्राक्षांच्या बागांसाठी ओळखले जाऊ लागले. पाणी आणि जमीन यांच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी 'वाल्मी' ही संस्था तर १९८० पासून आपल्याच शहरात आहे. ज्ञान जवळ आहे. शेतकऱ्याने शेतात जे केले, ते बांधकाम करणाऱ्याने आपल्या जागेवर करायचे आहे.

घर बांधताना आपण पाया खणतो, सिमेंट मोजतो, लोखंड तपासतो. तसाच मातीचाही हिशेब ठेवला पाहिजे. घर बांधायला एखादे वर्ष लागते आणि ते मालकाचे असते. तेथून वाहून गेलेली माती मात्र साऱ्या गावाच्या तळ्यात जाऊन बसते. म्हणून नव्या वसाहतीची पहिली कुदळ पडेल, तेव्हा पहिला चर मातीच्या रक्षणासाठी खणला जावा.

शब्दार्थ

कातळ – सलग खडक
मुरूम – खडक झिजून झालेली भरड, खडेमिश्रित माती
गाळ – पाण्याबरोबर येऊन तळाशी बसलेली माती
चर – लांब, अरुंद खणलेली नाली
भराव – खोलगट जागी टाकलेली माती
अनघड – न घडवलेला, ओबडधोबड
निवळणे – गढूळपणा जाऊन स्वच्छ होणे
कोरडवाहू – केवळ पावसाच्या पाण्यावर अवलंबून असलेले

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मलिक अंबरने वसवलेल्या शहराचे पहिले नाव काय होते?
(आ) खाम नदी शेवटी कोणत्या जलाशयाला मिळते?
(इ) फाटकाजवळ खडीचा थर का देतात?

२. कारणे लिहा.
(अ) गाळाच्या तळ्यात चिकणमातीचे कण सहज पकडता येत नाहीत.
(आ) सगळी जमीन एकदम उघडी करू नये.

३. धूप-नियंत्रण आणि गाळ-नियंत्रण यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

४. दोन हेक्टर जागेवर ३० मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी पडले ते काढा.

५. माती, उतार, पाऊस, डोंगर या शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द वापरतात ते लिहा व प्रत्येक मराठी शब्द वाक्यात वापरा.

६. उपक्रम : तुमच्या भागातील एखाद्या बांधकामाचे रस्त्यावरून निरीक्षण करा. पाठातील कोणते उपाय तेथे दिसतात आणि कोणते दिसत नाहीत, याची नोंद करून वर्गात वाचून दाखवा.